वाडा पाडायचा की वापरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांतले, नाशिक-साताऱ्याच्या जुन्या गावठाणांतले वाडे आणि मुंबईतल्या जुन्या इमारती दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याबद्दल मालक, भाडेकरू आणि कधीकधी नुसते हौशी लोक जे नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं दुरुस्तीच्या कामावर उभं राहणाऱ्या माणसाची आहेत. कोर्टकचेरीच्या बाबतीत वकिलाला विचारा.

आमचा वाडा दुरुस्तीच्या पलीकडे गेलाय असं सगळे म्हणतात. खरंच गेलाय का?

सगळे म्हणजे कोण, हे आधी बघा. त्यात बिल्डर असेल तर त्याचं मत जमेस धरू नका.

गिलावा पडलाय, माडीची जमीन डुगडुगते, जिना एका अंगाला कललाय, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. पेशवाई धाटणीच्या वाड्यात बराचसा भार सागवानी खांब आणि तुळया पेलतात. बाहेरच्या जाड भिंतींवरही भार येतो, पण आतल्या बऱ्याच भिंती नुसत्या भरणीच्या असतात. त्यामुळे भिंत भकास दिसली तरी सांगाडा धड असू शकतो. उलटही होतं. भिंत रंगवून गुळगुळीत केलेली असते आणि आत तुळईचा भुगा झालेला असतो.

बघायचं ते तुळईचं टोक. तुळई बाहेरच्या भिंतीत शिरते तिथे पावसाचं पाणी मुरतं, वारा लागत नाही आणि लाकूड नेमकं तिथेच कुजतं. खोलीच्या मधोमध तुळईवर हातोडीच्या दांड्यानं ठोका, टणक आवाज येईल. ठोकत ठोकत भिंतीकडे सरका. शेवटच्या फूट-दीड फुटात आवाज बसला, भद्द झाला, की थांबा आणि तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. पाव इंच जाऊन अडला तर वरची कातच खराब झाली आहे. दांड्यापर्यंत आत गेला तर तेवढं टोक कापून नवं जोडावं लागेल. दहा फुटांची तुळई टोकाशी दीड फूट कुजली म्हणून अख्खी तुळई कुणी फेकत नाही, मग वाडा कशाला पाडायचा?

काळजीची लक्षणं वेगळी आहेत. खांब ओळंब्यातून सुटून सगळे एकाच दिशेला झुकलेत आणि दर पावसाळ्यानंतर झुकाव वाढतोय. खांबांखालचे दगडी तळखडे खाली-वर झालेत. एकाच दालनातल्या चार-पाच तुळयांची टोकं एकदम गेलीत. असं दिसलं तर आधी टेकू लावा, माणसं बाहेर काढा, मग चर्चा करा.

महापालिकेची 'धोकादायक इमारत' नोटीस आली आहे. आता पाडावाच लागेल ना?

नोटिशीत वर्ग कोणता लिहिलाय ते वाचा. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीनं रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटिशीच्या कागदाला घाबरून सी-२ए वाले मालक स्वतःच पाडायला निघतात, असं बऱ्याचदा होतं.

सी-१ आली असेल आणि ती चुकीची वाटत असेल, तर दुसऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून हरकत घेता येते. मात्र इंजिनिअर निवडताना त्यानं याआधी लाकडी सांगाड्याची किती कामं केलीत हे विचारा. काँक्रीटची ताकद बघायचा रिबाउंड हॅमर मातीच्या भिंतीवर आपटून 'वाचन फार कमी' असा शेरा मारलेले अहवाल मी वाचले आहेत. त्या यंत्राला तिथे काही कळत नाही. मातीची भिंत काँक्रीटएवढी कठीण नसते, हे सांगायला यंत्र कशाला हवं? लाकडाची तपासणी ठोकून, भोक पाडून, ओलाव्याचं मीटर लावून होते.

तोवर माणसं आत ठेवायची का, हा प्रश्न निराळा. शंका असेल तर जून ते सप्टेंबर कुणालाही आत झोपू देऊ नका. वाडे बहुतेक पावसाळ्यात पडतात.

आमची वास्तू हेरिटेज यादीत असली तर खिळासुद्धा ठोकता येत नाही म्हणतात. खरं का?

नाही. ही भीती इतकी पसरली आहे की लोक यादीत नाव येऊ नये म्हणून खटपट करतात.

मुंबईत १९९५ मध्ये हेरिटेज नियमावली आली. शहरातल्या खासगी जुन्या इमारतींना संरक्षण देणारी देशातली ती पहिली. तिच्यात तीन श्रेण्या आहेत. श्रेणी १ मध्ये, म्हणजे फार महत्त्वाच्या वास्तूंमध्ये, आतून-बाहेरून बदल जवळपास नाहीच. मजबुतीसाठी लागेल तेवढाच. श्रेणी २ ए मध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, फक्त छाननी कडक होते. २ बी मध्ये काही परिस्थितीत त्याच जागेवर जोडइमारतही मिळू शकते. श्रेणी ३ मध्ये बाहेरून-आतून बदल सहसा मान्य होतात, परिसराचा चेहरा बिघडता कामा नये एवढंच. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांना आता २०२० ची एकत्रित विकास नियमावली लागू आहे आणि तिच्यातही हेरिटेजचं प्रकरण आहे.

यादीत असल्याचा फायदाही असतो. बंधनामुळे जितकं बांधकाम करता आलं नाही तितका विकास हक्क, म्हणजे टीडीआर, मिळण्याची तरतूद आहे आणि तो विकून दुरुस्तीचा पैसा उभा करता येतो. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात फाइल फिरते, फिरते आणि फिरते. टीडीआर मिळेल या भरवशावर कंत्राटदाराला आगाऊ शब्द देऊ नका.

आम्ही शनिवारवाड्याच्या अगदी जवळ राहतो. आम्हाला काहीच करता येत नाही का?

शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. त्यामुळे १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेला बदल तुम्हाला लागतो. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनं. पण १०० मीटरच्या आतही असलेल्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. म्हणजे तुमच्याकडे पाडून नवं बांधायचा मार्गच नाही. दुरुस्ती हाच मार्ग आहे. तिथले कितीतरी मालक 'कधीतरी कायदा बदलेल' म्हणून पंधरा-वीस वर्षं कौलंही फिरवत नाहीत आणि वाडा हातचा घालवतात.

भाडेकरू निघत नाहीत, भाडं नाममात्र आहे. दुरुस्ती आम्ही का करायची?

राग समजतो. १९४७ च्या भाडे कायद्यानं गोठवलेली भाडी १९९९ च्या कायद्यानंतरही फारशी हलली नाहीत, आणि महिन्याच्या भाड्यात गवंड्याची एक दिवसाची मजुरीही निघत नाही. तरी घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी कायद्यानं मालकावरच आहे. मालकानं केली नाही तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, अर्थात मर्यादेत.

चालतो तो मार्ग असा: भाडेकरूंशी लेखी करार, दुरुस्तीच्या काळात राहण्याची सोय, काम झाल्यावर तीच किंवा तेवढीच जागा परत, आणि वाढीव भाडं दोघांच्या संमतीनं. काही भाडेकरू स्वतःहून पैसे घालायला तयार असतात. त्यांना फक्त बाहेर काढलं जाणार नाही याची खात्री हवी असते. ती तोंडी देऊन भागत नाही.

न सुटलेल्या भांडणाचं काय होतं ते पुणेकरांनी भिडेवाड्यात पाहिलं आहे. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी जिथे मुलींची शाळा काढली तो वाडा. ताब्याचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात राहिला, पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला तोवर इमारतीत वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती पाडली. तिथे स्मारक होईल. शाळा भरली त्या खोल्या मात्र गेल्या.

वारस पुष्कळ आहेत, दोघं परदेशात. काम कसं सुरू करायचं?

आधी मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) नावं लावून घ्या. आजोबांचंच नाव असलेल्या पत्रिकेवर ना परवानगी मिळते ना कर्ज. परदेशातल्यांकडून एकाच्या नावे मुखत्यारपत्र घ्या. 'आमची काही हरकत नाही' हा व्हॉट्सॲपवरचा निरोप कुठल्याच कचेरीत चालत नाही.

वाड्यात काय सुरू करावं? कॅफे चांगला चालतो म्हणतात.

जवळपास प्रत्येक जण कॅफेच म्हणतो. चौकात तुळशीवृंदावन, पितळी पेले, भिंतीवर नऊवारीतल्या बायकांची चित्रं. हे चालतंही, पण उपाहारगृह हा वाड्यासाठी सगळ्यात त्रासदायक वापर आहे. स्वयंपाकघराची वाफ, तेलकट धूर, दिवसभर सांडणारं पाणी, गॅसच्या टाक्या, आणि हे सगळं लाकडाच्या सांगाड्यात. करायचंच असेल तर भटारखाना परसात वेगळा बांधा, मुख्य वाड्यात नुसतं बसणं ठेवा.

मी उलटा विचार करायला सांगतो. काय काढायचं हे मनात धरून वाडा त्यात कोंबू नका. वाड्याला काय झेपतं ते आधी काढा. हिशेब रुक्ष आहे, पण करून बघा. घर म्हणून वापरासाठी जमिनीनं दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार झेलावा असं मानतात. जिथे खुर्च्या पक्क्या नाहीत आणि लोक उभे राहतात, नाचतात अशा सभागृहाला ५०० किलो. पुस्तकांच्या उंच मांडण्यांना ६०० आणि वर. म्हणजे माडीवर ग्रंथालय काढायची कल्पना कितीही मंगल असली तरी घरापेक्षा तिप्पट वजन तुम्ही माडीच्या लाकडी कड्यांवर ठेवणार आहात. वाचनकक्ष माडीवर आणि मांडण्या तळमजल्यावर ठेवा, प्रश्न सुटला.

आणखी एक. कडीपाटावर, म्हणजे कड्यांवर फळ्या घालून केलेल्या माडीच्या जमिनीवर, मुळातच मातीचा थर असतो. सहा इंच माती म्हणजे चौरस मीटरला सव्वादोनशे-अडीचशे किलो. तिच्यावर कुणीतरी शहाबादी घातली, नंतर मोझॅक आलं, मग मुलाच्या लग्नात व्हिट्रिफाइड टाइल्स. एका माडीवर आम्ही थर उकलले तर दाराचा उंबरठा फरशीच्या खाली निघाला. तीन पिढ्यांच्या फरश्या काढल्या आणि तुळयांचा झोल काही न करता कमी झाला. नवा वापर ठरवण्याआधी जुनं वजन उतरवा, तुमच्या हाताला अर्धी क्षमता तिथेच लागेल.

उत्तम जमणारे वापर: घर (होय, घरच), पाहुण्यांसाठी चार-पाच खोल्या, वकील-आर्किटेक्ट-प्रकाशक यांची कचेरी, गाण्याचा वा नाचाचा वर्ग (नाच तळमजल्यावर), डॉक्टरचा दवाखाना, विणकाम-शिवणाचं दालन. खोल्या लहान, दारं बुटकी आणि मधे चौक असल्यामुळे ज्या कामाला लहान लहान जागा पुरतात ते काम वाड्यात आपोआप बसतं. बँकेची शाखा किंवा कपड्यांचं मोठं दुकान बसत नाही. त्यांना सलग जागा हवी असते, आणि सलग जागेसाठी खांब काढायला सुरुवात झाली की संपलं.

असं याआधी कुणी केलंय का? की सगळं वर्तमानपत्रातच?

केलंय, आणि फार पूर्वीपासून. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावानं राहण्यासाठी बांधला. पेशवाई गेल्यावर १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, पुढे कचेऱ्या आल्या, पोस्ट आलं. १८७९ मध्ये आगीत त्याचा काही भाग जळाला तो पुन्हा बांधला. दोनशे वर्षांत वापर कितीदा बदलला, पण वाडा रिकामा फारसा राहिला नाही, म्हणून आज बाजीराव रस्त्याच्या गर्दीत त्याची नक्षीची दर्शनी माडी उभी आहे. त्याच १८७९ च्या आगीत जवळचा बुधवारवाडा मात्र पुरता गेला.

मुंबईत कावसजी जहांगीर हॉल हे १९११ चं सार्वजनिक सभागृह होतं. आत नव्या रचनेची दालनं उभारून १९९६ मध्ये ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय झालं. आत गेल्यावर जुन्या कवचात नवा जिना वर चढत जाताना दिसतो. जुनं ते जुनं आणि नवं ते नवं. मला हा सच्चेपणा खोट्या नक्षीपेक्षा आवडतो. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय वापर न बदलता सुधारलं: २००३ पासून काम, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली. रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडलं ते २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. तेवीस वर्षं बंद असलेल्या नाट्यगृहात पुन्हा पडदा उघडतो, तर तुमच्या वाड्यात दिवा लागायला हरकत नाही. गोव्यात पणजीची जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत २००४ पासून चित्रपट महोत्सवाच्या कामी येते.

भायखळा रेल्वे स्थानकाचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी सांगतो. तिथे गाड्या आणि प्रवासी चालू ठेवून काम झालं, आणि २०२२ मध्ये त्यालाही युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. 'इमारत रिकामी केल्याशिवाय हातच लावता येत नाही' असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला हे ऐकवा.

भिंतींना सिमेंटचा गिलावा का नको? चुना आता कोण वापरतं?

जुन्या भिंतीचं सगळ्यात जास्त नुकसान सिमेंटनं केलंय, पावसानं नव्हे. जुनी भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढते आणि उन्हात बाहेर सोडते. चुन्याचा गिलावा ते सोडू देतो. सिमेंटचा थर घट्ट असतो, पाणी आतच कोंडतं, मग ते वर चढत जातं. पूर्वी वीतभर असलेली ओल छातीपर्यंत येते. त्या पाण्यातले क्षार विटेच्या तोंडाशी सुकतात, भिंतीला लोणा धरतो, वीट पीठ होऊन गळते. वरून बघाल तर सिमेंट एकदम ठणठणीत. हातानं वाजवलं की पोकळ. एक दिवस आख्खं पापुद्र्यासारखं सुटतं आणि सोबत विटेचं तोंड घेऊन येतं. तुळईची टोकं सिमेंटमध्ये लिंपली असतील तर ती कुजलीच म्हणून समजा.

चुना वापरणारे कमी आहेत पण आहेत. कळीचा चुना आणून हौदात विझवायचा, पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे, जमलं तर त्याहून अधिक मुरवायचा. घाई केली तर न विझलेले खडे गिलाव्यात राहतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी फुलून भिंतीवर फोड येतात. मग वाळू आणि सुर्खी (विटांची भुकटी) घालून घाणीत मळायचा. हल्ली बैलाच्या घाणीऐवजी मोटरवर फिरणारी चक्की असते, त्यात कमीपणा काही नाही. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, एका थरावर दुसरा देताना खालचा पुरेसा आवळलेला हवा, आणि ओलं गोणपाट लावून आठ-दहा दिवस सावकाश वाळू द्यायचा. चुना सिमेंटसारखा रात्रीत कडक होत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्महिने घट्ट होत राहतो. हेच गवंड्यांना पटवणं अवघड जातं. दुसऱ्या दिवशी नखानं ओरखडा उठला की 'साहेब, माल कच्चा आहे, पाटीभर सिमेंट टाकू का?' हा प्रश्न येतोच. टाकू देऊ नका, आणि संध्याकाळी कामावरून निघण्याआधी सिमेंटची पोती कुलपात आहेत का बघा.

चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद घालायलाच हवं का?

गूळ आणि बेलफळाचं पाणी घातल्यानं माल चिकट होतो, हिरडाही घालतात. घातलंत तर चांगलं. पण मुळात चुना नीट मुरलेला नसेल तर गुळानं फक्त मुंग्या येतात.

कुजलेल्या तुळयांना लोखंडाचा आधार दिला तर वाड्याचं 'जुनेपण' जातं का?

जात नाही. दिसेल असा प्रामाणिक लोखंडी पट्टीचा किंवा चॅनेलचा आधार देणं हे गैर नाही. गैर ते, की वरून फायबरची खोटी सागवानी तुळई लावून झाकणं.

शक्य असेल तिथे लाकडाला लाकूडच जोडा. कुजलेलं टोक तिरक्या सांध्यानं कापायचं, त्याच जातीचं सुकं लाकूड बोल्टनं जोडायचं, आणि भिंतीतल्या खोबणीत टोकाभोवती बोटभर हवा खेळेल अशी जागा सोडायची. ही बोटभर जागा सोडली नाही तर नातवाला पुन्हा तेच काम करावं लागेल. लाकूड मिळतं ते बहुधा पाडलेल्या वाड्यांचंच, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांकडे. एक वाडा वाचवायला दुसऱ्याचे खांब विकत घ्यायचे, हे मला दर वेळी खटकतं, पण नव्या सागापेक्षा ते लाकूड सरस असतं यात वाद नाही.

पेशवाई वाडा आहे, छपराला मंगलोरी कौलंच हवीत ना?

मंगळूरचा कौलांचा पहिला कारखाना १८६५ चा. पेशव्यांनी मंगलोरी कौल पाहिलेलंसुद्धा नाही. त्यांच्या काळची ती हातानं घडवलेली नळीची कौलं. तुमच्या वाड्यावर शंभर वर्षं मंगलोरी असतील तर तीच ठेवा. तोही आता इतिहासच. खाली फळ्यांवर पाणी अडवणारा थर द्या आणि पन्हळी मोठ्या घ्या. सगळ्या वाड्यात एकाच गोष्टीवर पैसे घालता येत असतील तर ते छप्पर आणि पन्हळ यांवर घाला. बाकी सगळं थांबू शकतं.

संडास-बाथरूम, लिफ्ट, एसी कुठे बसवायचे?

ओल्या जागा कडीपाटावर नकोत. माडीवर संडास काढून दिलेल्या जवळपास प्रत्येक वाड्यात त्याखालची तुळई आम्हाला कुजलेली मिळाली आहे. मागच्या अंगाला, परसात, वाड्याला चिकटून पण स्वतःच्या पायावर उभा असा वेगळा मनोरा बांधा. त्यातच संडास, पाण्याचे नळ आणि लिफ्ट. लिफ्टच्या खड्ड्यासाठी चार-पाच फूट खणावं लागतं, म्हणून जुन्या पायापासून अंतर ठेवा. पाण्याची टाकीही याच मनोऱ्यावर. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही, ती माळ्यावर चढवून मोकळे होतात.

एसी लावाच असं नाही. दोन फुटी भिंती आणि चौक मिळून पुण्याच्या हवेत पंख्यावर भागतं. लावलात तर त्याचं ठिबकणारं पाणी नळीनं थेट गटारात न्या.

लाकडी इमारत म्हणजे आगीची भीती. विमा कंपनीही कुरकुर करते.

भीती रास्त आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. इंदूरचा होळकरांचा राजवाडा १९८४ मध्ये जळाला.

जाड सागवानी खांब पटकन दगा देत नाही. बाहेरून कोळसा होत जातो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही काळ वाचवतो. पेटतात त्या पातळ वस्तू: प्लायवूडची पार्टिशनं, फोमच्या गाद्या, थर्मोकोलची छतं, पडदे. म्हणजे नूतनीकरणाच्या नावाखाली आत आणलेलं सामान. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांत आग लागून १४ माणसं गेली. तिथेही झटपट पेटणारं छप्पर आणि सजावट होती.

वायरिंग संपूर्ण नवं करा, जुन्यात जोड देऊ नका. वायरी भिंत खोदून न घालता धातूच्या नळीतून उघड्या न्या, म्हणजे दिसतील आणि बदलताही येतील. चांगला अर्थ लीकेज ब्रेकर, धुराचे सूचक, प्रत्येक मजल्यावर अग्निशामक आणि दुसरा जिना. दुसऱ्या जिन्याला लोक नेहमी कचरतात. तो मागच्या मनोऱ्यात बसतो.

खांबांवर ऑइल पेंटचे थर आहेत. सँडब्लास्टिंग करू का?

अजिबात नको. नक्षी जाईल. रंग सोडवणारं द्रावण, गरम हवेची बंदूक आणि नायलॉनचा ब्रश. वेळ लागतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून मास्क घाला, मुलांना लांब ठेवा. नंतर जवसाचं तेल. चकचकीत वॉर्निश लावून फर्निचरच्या दुकानासारखं करू नका.

दर्शनी भाग ठेवून मागे सात मजली इमारत बांधली तर? दोन्ही साधतं ना?

काहीच साधत नाही. चौक गेला, ओसरी-सोपा-माजघर गेलं, उरला तो मुखवटा. परवानगी मिळवण्यासाठी ही युक्ती फार चालते. जागा अगदीच निम्मी पडलेली असेल तर पुढची चौसोपी वाचवून मागच्या पडक्या भागात बेताचं नवं बांधणं वेगळं, आणि ते मला मान्य आहे.

मुंबईतल्या चाळीला हेच सगळं लागू का?

थोडंफार. लाकडी सांगाड्याच्या जुन्या चाळींत तुळयांचा प्रश्न तोच. जिथे लोखंडी तुळयांवर मजले आहेत तिथे गंज हा शत्रू. गंजलेलं लोखंड फुगतं आणि भोवतीचं बांधकाम फोडतं. बीडीडी चाळी काँक्रीटच्या, त्यांचं गणित संपूर्ण निराळं. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर आधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे चौकशी करा.

खर्च नव्या बांधकामापेक्षा कमी येतो का?

कधी कमी, कधी जास्त. आकडा न बघता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यासकट. सांगाडा धड असेल तर स्वस्त पडतं, कारण सगळ्यात महाग वस्तू तुमच्याकडे आधीच उभी आहे. पैसा जातो तो परांचीवर, टेकूंवर आणि सुतार-गवंड्यांच्या दिवसांवर. अंदाजपत्रकाबाहेर काही रक्कम बाजूला ठेवाच, कारण गिलावा काढल्याशिवाय मागे काय आहे ते कुणालाच कळत नाही. एकदम सगळं जमत नसेल तर टप्पे पाडा: पहिल्या वर्षी छप्पर, पन्हळ आणि गटार, दुसऱ्या वर्षी सांगाडा, गिलावा, वायरिंग, रंग त्यानंतर. पहिल्या टप्प्यानंतर तळमजल्याच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन पुढचं काम चालवणारे मालक आहेत.

काम कधी सुरू करावं?

मोजमाप आणि परवानग्या पावसाळ्यात, प्रत्यक्ष काम दसरा-दिवाळीनंतर. चुन्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारीची हवा मानवते. एप्रिलच्या उन्हात तो तडकतो. छप्पर उघडायचं असेल तर मेअखेर ते बंद झालंच पाहिजे असा करार करा, कारण वळीव कंत्राटदाराचं वेळापत्रक बघून येत नाही.

काहीही काढण्याआधी फोटो आणि नकाशे करा, आणि सुटा होणारा प्रत्येक खांब, तुळई, कडी, फळी यांवर क्रमांक घाला. चौकाच्या पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकाच दिशेनं फिरा, म्हणजे गोंधळ होत नाही. क्रमांक खडूनं लिहू नका, आठ दिवसांत पुसला जातो. पत्र्याचे छोटे बिल्ले ठोका, आणि तेही लाकडाच्या ज्या बाजूचं तोंड भिंतीकडे जाणार आहे त्या बाजूला.